शहापूरकडच्या पाड्यावर वर्षभर राहायचे आहे. तिथले रोजचे जगणे कसे असते?

नौपाड्याची शिक्षिका

नमस्कार. मी आणि माझे यजमान, दोघेही ठाण्यातील शाळांमधून निवृत्त झालो आहोत. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर आमच्या परिचितांचे दोन खोल्यांचे कौलारू घर आहे आणि ते वर्षभर वापरण्याची परवानगी त्यांनी आम्हाला दिली आहे. पाडा लहान आहे. तीस-पस्तीस उंबरे असतील. बहुतेक कुटुंबे ठाकर समाजाची, काही कातकरी. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, एक विहीर आणि एक हातपंप एवढ्याच सोयी आहेत.

आम्ही तिथे श्रावणात जाऊन आलो. भाताची खाचरे हिरवीगार होती, बांधांवर तेरडा फुलला होता, ओहोळ भरून वाहत होते आणि प्रत्येक घरातून चहाचे बोलावणे येत होते. मन तिथेच रमले, हे खरे. परंतु एवढ्यावरून वर्षभराचा निर्णय घ्यावा की नाही, याविषयी आम्ही साशंक आहोत. आमची इच्छा अशी की तिथे राहावे, मुलांचा संध्याकाळी अभ्यास घ्यावा आणि गावावर आपला भार पडू देऊ नये. म्हणून ज्यांना अशा पाड्यांवरच्या जगण्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी सांगावे: तिथले वर्ष कसे जाते, पाण्याची आणि आजारपणाची व्यवस्था काय असते, आणि बाहेरून आलेल्या माणसाने कोणते भान ठेवावे? परिचितांच्या बोलण्यात असेही आले की शेजारची थोडी जमीनही मिळू शकेल. त्याबद्दलही कोणाला माहिती असल्यास जरूर लिहावे.


खर्डीचा शेतकरी

ताई, नमस्कार. माझे घर खर्डीच्या आतल्या बाजूला एका पाड्यावर आहे. नोकरीमुळे मी कळव्यात राहतो, पण शेती सोडलेली नाही. पहिली विनंती अशी की श्रावणात जे पाहिले त्यावर काहीही ठरवू नका. चैत्र संपता संपता पुन्हा जा, त्याच घरात दोन-तीन रात्री मुक्काम करा आणि मग विचार करा.

आमच्याकडे शेतीचे वर्ष राबापासून सुरू होते. थंडी ओसरली की ऐन-किंजळीच्या पानांसकट डहाळ्या छाटून आणायच्या. त्याला आम्ही कवळ म्हणतो. ज्या वाफ्यात भाताचे रोप करायचे त्यावर आधी शेण, त्यावर कवळ, मग गवत आणि पालापाचोळा असे थर लावतात आणि सर्वांत वर बारीक माती पसरतात. मातीमुळे आग भडकून उठत नाही, आतल्या आत धुमसत राहते. पेटवायचे तेही वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने. असा राब नीट भाजला गेला की तणाचे बी जळते, वरची माती भुसभुशीत होते आणि रोपाला राखेचे खत मिळते. मार्च ते मे या काळात तुम्ही तिथे असाल तर रोज संध्याकाळी हा धूर दरीत साचलेला दिसेल. मी स्वतः आता गादीवाफ्यावर रोप करतो, कारण वर्षानुवर्षे फांद्या तोडून आमच्या भोवतीची झाडे खुरटलेली मी पाहिली आहेत. मात्र ज्याच्याकडे खताची गोणी घ्यायला रोकड नाही, त्याला राब सोडून द्यायला सांगणे मला न्याय्य वाटत नाही.

मृगाच्या सरी आल्या की भात पेरतात आणि तीन आठवड्यांच्या आसपास रोप काढून आवणी, म्हणजे खाचरात लावणी, सुरू होते. या दिवसांत गावात कोणाकडेही बसायला जाऊ नका. बायका पहाटे चूल पेटवतात, भाकऱ्या थापून ठेवतात आणि उजाडल्यावर जे चिखलात उतरतात ते दिवस कलेपर्यंत वाकूनच असतात. डोक्यावर पूर्वी पानांचे इरले असे, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद असतो. आज माझ्या खाचरात, उद्या तुमच्या, अशी सावड अजून चालते, त्यामुळे एका घरातला माणूस आजारी पडला तर चार घरांचे वेळापत्रक बिघडते. संध्याकाळी पायांच्या बोटांमधल्या चिखल्यांना तेल लावत बसलेली माणसे तुम्हाला घरोघर दिसतील. ज्या हिरव्या खाचरांवर तुमचे मन जडले, त्यांमागे हे श्रम आहेत.

हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते, उशिरा तयार होणारे गरवे त्यानंतर. भारे बांधून खळ्यावर आणायचे, झोडायचे, वारवायचे आणि कणगीत भरायचे. ज्यांच्या खाचरात ओल टिकते ते लगेच वाल टाकतात. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी होते. ती पिके कमी झाली आहेत याचे मला फार वाईट वाटते, कारण उन्हाळ्यात अंगात ताकद टिकते ती नाचणीच्या भाकरीने आणि आंबिलीने.

दिवाळीनंतर मात्र गावाचे रूप पालटते. त्याविषयी सविस्तर लिहायला हवे, ते पुढे लिहितो.


नेरूळचा भूजल अभ्यासक

आपल्या प्रश्नातील 'एक विहीर, एक हातपंप' या शब्दांवर माझे लक्ष खिळले, म्हणून केवळ पाण्याविषयी लिहितो.

या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एवढे पाणी पडूनही फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळ गाठू लागतात. खाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरातच काय ते पाणी साठते. जमिनीचा थर पातळ, उतार तीव्र, त्यामुळे पावसाचे बहुतेक पाणी काही तासांत ओहोळाला आणि ओहोळातून नदीला मिळते. डोंगराच्या पायथ्याचे गाव म्हणून झरे बारमाही असतील, अशी शहरातल्या माणसाची समजूत असते. ती सह्याद्रीच्या या पट्ट्यात फारच थोड्या ठिकाणी खरी ठरते.

याच शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे आणि १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरणही आहे. मुंबईला सात जलाशयांतून दररोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी मिळते, त्यात एकट्या भातसेचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. आपण ठाण्यात जे पाणी पितो त्यातही भातसेचे पाणी आहे. ज्या पाड्यांच्या शिवारातून हे पाणी वाहते त्यांच्याकडे वैशाखात टँकर येतो, तो विहिरीत पाणी ओततो, आणि त्या पाण्यावर दोर-पोहरे घेऊन सगळा पाडा जमतो. धरणाची पातळी खाली आणि पाडे उंचावर, म्हणून पाणी वर चढवायला खर्च येतो हे तांत्रिक कारण मला माहीत आहे. तरीही एवढ्या मोठ्या महानगरासाठी शंभर किलोमीटरच्या जलवाहिन्या टाकणाऱ्या राज्याला दोन-तीनशे मीटरचा चढ जड जावा, हे मला पटत नाही आणि पटू नये.

आता आपल्यापुरता हिशेब. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दररोज १३५ लिटरचा आहे आणि जलजीवन मिशनचा ग्रामीण मापदंड ५५ लिटरचा. ५५ लिटर धरले तरी दोघांना दिवसाला ११० लिटर लागतील, म्हणजे सहा-सात मोठे हंडे. ते उन्हाळ्यात आपण त्याच विहिरीतून काढले तर शेजारच्या घराच्या वाट्यातून काढल्यासारखे होईल. आपल्या घराचे छप्पर चाळीस चौरस मीटरचे असेल असे धरले तर त्यावर वर्षाकाठी सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. कौलांच्या कडेला पन्हळ बसवा, पहिल्या दोन-चार पावसांचे पाणी सोडून द्या आणि नंतरचे झाकणबंद टाकीत घ्या. अडचण साठवणीची आहे: पाच हजार लिटरची टाकी दोघांना दीड महिनाच पुरते. म्हणून पावसाळ्यात विहिरीला हातही न लावता सगळे छपराचेच पाणी वापरायचे, टाकी पावसाच्या अखेरीस भरून ठेवायची आणि तिचे पाणी एप्रिल-मेसाठी राखून ठेवायचे, असे ठरवले तर आपला भार बराच हलका होईल. तेव्हाही पाणी कमी पडले तर आपण स्वखर्चाने टँकर मागवावा आणि तो आपल्या टाकीत न घेता विहिरीत टाकावा, असे मी सुचवीन.


ऐरोलीची निवृत्त परिचारिका

माझी अर्धी नोकरी अशाच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. ताई, तुमच्या वयाला तिथली हवा मानवेल, परंतु तीन गोष्टींबाबत कडक शिस्त हवी.

सर्वांत आधी सापाविषयी. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप या पट्ट्यात आहेत. भातकापणीच्या वेळी भाऱ्याखाली किंवा गवतात हात घालताना घोणस आणि फुरसे चावण्याच्या घटना होतात. मला अधिक भीती मण्याराची वाटते. तो रात्री घरात येतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि दंशाच्या जागी वेदना किंवा सूज फारशी नसल्यामुळे माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते आणि तोपर्यंत मोलाचे तास निघून गेलेले असतात. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका आणि सरपणाचा ढीग घराच्या भिंतीला लावून रचू नका. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरा देणे, चोखणे यांपैकी काहीही करू नका. तो हात किंवा पाय न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या गाडीने शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. रुग्णालयात टोचले जाणारे प्रतिसर्पविष (सर्पविषावरचा उतारा) हेच औषध आहे. गावात भगत असतो आणि लोक आधी त्याच्याकडे जातात. त्याचा अपमान करून काही साधत नाही. आमच्या केंद्राच्या हद्दीतील एका भगताला आम्ही विश्वासात घेतले होते. तो अंगारा लावी आणि लगेच स्वतःच रुग्णाला घेऊन आमच्याकडे येई. त्याने किती जीव वाचवले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

लाल विंचवाचा दंशही साधा समजू नका. घाम सुटणे, हातपाय गार पडणे, छातीत धडधड ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठायचा. कोकणात पूर्वी या दंशाने पुष्कळ माणसे दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर ते चित्र बदलले.

पाणी उकळूनच प्या. पावसाच्या सुरुवातीला विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करणारी ब्लीचिंग) पावडर टाकली जाते की नाही, हे आशाताईंना विचारत जा. त्या विचारण्याने त्यांनाही बळ मिळते. आणि रक्तदाब, मधुमेह अशा तुमच्या नेहमीच्या औषधांचा किमान दोन महिन्यांचा साठा जवळ ठेवा, कारण मोठ्या पावसात ओहोळाला पूर आला की पाड्याची वाट बंद होते आणि त्याच वेळी वीज व मोबाइलही जातात.


बेलापूरची सूनबाई

माझे माहेर मुरबाड तालुक्यातले. आपण जेवणाविषयी विचारलेले नाही, तरीही सांगावेसे वाटते, कारण गावाशी ओळख होते ती रानभाज्यांमुळे.

पहिल्या पावसानंतर शेवळे उगवतात. बाजारात जुड्या मिळतात म्हणून ती सोपी भाजी समजू नका. वरचे आवरण सोलायचे, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे आणि त्यात काकडांचा, म्हणजे काकड झाडाच्या आंबट फळांचा, रस घालायचा. यातले काही चुकले तर घसा असा खाजतो की दिवसभर बोलता येत नाही. त्यानंतर टाकळा, कुर्डू, लोत, भारंगी, कंटोली, कुड्याची फुले आणि बांबूचे कोंब असा क्रम श्रावणापर्यंत चालतो. पहिल्या जोराच्या पावसात मासे ओढ्याच्या प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्या वलगणीला गावातली लहानथोर माणसे रात्री दिवे घेऊन निघतात. चैत्रात मोहाची फुले वेचायला बायका अंधारातच घराबाहेर पडतात, कारण ऊन चढण्यापूर्वी वेचली तरच ती नीट वाळवता येतात.

आपण स्वतः रानातून काही खुडून आणू नका. ज्या मावशी भाजी आणून देतील त्यांच्याजवळ बसून ती निवडायला शिका आणि पैसे त्याच वेळी हातात द्या. शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारात त्यांना त्या वाट्याचे जे मिळते तेवढे तरी द्याच. 'घरचीच आहे, राहू द्या' असे त्या म्हणतील; तो त्यांचा मोठेपणा आहे, पण त्या वाट्यासाठी त्या चार-पाच तास रानात फिरलेल्या असतात.


नौपाड्याची शिक्षिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आम्ही चैत्रात पुन्हा जाणार, हे निश्चित केले आहे. पन्हळ आणि टाकी यांविषयी घरमालकांशी बोलणे झाले असून त्यांनी संमती दिली आहे. खर्डीच्या दादांनी दिवाळीनंतरचा विषय अर्धाच सोडला आहे. मुलांच्या अभ्यासाशी त्याचा संबंध असावा असे वाटते, तेव्हा कृपया लिहावे. जमिनीविषयीही आपले मत हवे आहे.


खर्डीचा शेतकरी

ताई, जमिनीचे आधी सांगतो. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ आणि ३६-अ यांचे कडक निर्बंध आहेत. शिवाय जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही, तो नियम वेगळाच. यातून वाट काढून देतो म्हणणारे दलाल प्रत्येक नाक्यावर भेटतात. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेल्यापासून त्यांची ये-जा वाढली आहे. साठेकरार, नोटरी, कोणाच्या तरी नावाने खरेदी असे काहीही ते सुचवतील. तुम्ही राहायला जात आहात, तर केवळ राहा. जमिनीची चौकशी सुरू केली हे कळताच गाव तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागेल, आणि ते पाहणे योग्यच असेल.

आता दिवाळीनंतरचे. भात घरात आले तरी लहान खातेदाराचे ते फाल्गुनापर्यंतही पुरत नाही, आणि कातकरी कुटुंबांपैकी बहुतेकांना तर जमीनच नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कोणी आजारी पडते, कोणाचे लग्न ठरते. अशा वेळी वीटभट्टीच्या मालकाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली असते. दिवाळी झाली की ती फेडण्यासाठी नवरा, बायको, मुले, कोंबड्या, भांडीकुंडी सगळे एका टेम्पोत चढते आणि भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलकडच्या भट्ट्यांवर जाते. तिथे भट्टीशेजारीच झोपडी बांधतात. चिखल मळणे आणि विटा पाडणे पहाटेच्या अंधारात सुरू होते, आठ-दहा वर्षांची मुले ओल्या विटा उलटतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. होळीला काही दिवस गावी येतात, शिमगा करतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हिशेब झाला की पुष्कळदा उचल फिटलेली नसते, ती पुढच्या वर्षावर चढते. तुमच्या पाड्यावर तुम्ही माघात गेलात तर काही घरांना नुसती कडी दिसेल आणि अंगणात म्हातारी माणसे बसलेली दिसतील.

या मुलांची नावे हजेरीपटावर असतात आणि ती सहा महिने शाळेत नसतात. म्हणून वर्षभर रोज संध्याकाळी वर्ग घेण्याचा बेत थोडा बदला. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत सगळी मुले गावात असतात. तुमचा सगळा जोर त्या महिन्यांवर ठेवा. आवणीचे पंधरा-वीस दिवस मोठी मुलेही शेतात असतात, तेव्हा लहानांना घेऊन बसा, त्यांच्या आयांना त्याचा फार आधार होईल. संध्याकाळी उशिरापर्यंत कोणाला बसवू नका, कारण पावसाळ्यात वीज बेभरवशाची आणि मुले आठ वाजता पेंगलेली असतात. शाळा सुटल्यावर लगेचचा एक तास चांगला. ठाकरीत बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते. आधी त्यांच्या बोलीतली गाणी आणि गोष्टी ऐकून घ्या, मग अक्षरे येऊ द्या.

शाळेच्या गुरुजींना भेटून सर्वांत आधी एक गोष्ट विचारा: बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दिले जाते का? त्या कार्डावर मूल कुठवर शिकले आहे याची नोंद असते आणि ज्या गावी ते जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येते. कागदावर ही सोय चांगली आहे, पण भट्टीपासून शाळा दूर असते आणि तिथे मुलाला पोहोचवायला कोणी नसते. तुम्ही दोघे ठाण्याचे, तुमचे जुने विद्यार्थी कल्याण-भिवंडीकडे नोकरी करत असतील. दिवाळीपूर्वी कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर जाणार याची वही करून त्या त्या भागातल्या ओळखीच्या शिक्षकांना कळवलीत, तर दोन-चार मुलांचे तरी वर्ष वाचेल. याशिवाय काही कुटुंबे मुलांना आजी-आजोबांकडे ठेवायला तयार असतात, पण त्यांच्या जेवणाची आणि आजारपणाची काळजी वाटते म्हणून बरोबर नेतात. पाड्यावर तुमचे घर उघडे असेल तर त्यांतली काही मुले मागे राहू शकतील. त्याबद्दल आश्विनातच आयांशी बोला. टेम्पो दारात उभा राहिल्यावर उशीर झालेला असतो.